हळद उन्हात फिकी का पडते?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आजचा विषय घरातला आहे आणि प्रयोगशाळेतलाही. बचत गटाच्या बायका हळद दळून पाकिटं भरतात आणि विकतात. पारदर्शक पाकिटात हळद छान दिसते, म्हणून दुकानदार ती दर्शनी भागात दोरीला अडकवून ठेवतो. पंधरा दिवस, महिनाभर पाकिटावर ऊन येतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "ही हळद फिकी दिसते. यात पीठ घातलंय." पाकिटं परत येतात. पैसे जातात ते जातातच, वर गटाचं नाव खराब होतं. हळद खरी असते, कष्ट खरे असतात, तरी बोल लागतो. एका गटाच्या बैठकीत मला हेच विचारलं गेलं: "आम्ही काही मिसळलं नाही, मग रंग गेला कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर आज आपण शोधू. ते नीट शोधायचं तर हळदीपासून निघून बेदाण्याच्या शेडमध्ये जावं लागेल, बाळंतिणीच्या खोलीत जावं लागेल, आणि शेवटी परदेशातल्या दोन आरशांच्या मध्येही डोकवावं लागेल. घाबरू नका, सगळं आपल्या ओळखीच्या गोष्टींतून समजून घेऊ.

आधी हळद. आपल्यातल्या कानडी बोलणाऱ्या बाया तिला अरिशिन म्हणतात. सांगलीची हळद देशभर जाते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ती या मातीची म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली. या हळदीला रंग देणारं जे द्रव्य आहे त्याचं नाव कुरकुमिन. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण दोन ते पाच ग्रॅम असतं. बाकी सगळा पिष्टमय भाग, तेल, तंतू आणि पाणी. म्हणजे एवढ्याशा द्रव्यावर सगळ्या पिवळेपणाचा भार आहे. ते थोडंसं जरी कमी झालं तरी डोळ्याला लगेच कळतं.

कुरकुमिनचा सगळ्यात लहान कण, ज्याला शास्त्रात रेणू म्हणतात, तो कसा असतो? कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६, असे एकमेकांचे हात धरून एका साखळीत बसलेले असतात. असा कार्बनच्या कण्यावर उभा असलेला जो रेणू, त्याला सेंद्रिय रेणू म्हणतात. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत आठवतं. पण साखर, तेल, रक्तातला लाल रंग, पानातला हिरवा रंग, डाळिंबाचा दाणा लाल करणारं द्रव्य, हे सगळे सेंद्रिय रेणूच.

आता उजेड. उजेड म्हणजे एक प्रकारची लाट, थरथर. प्रत्येक रंगाच्या उजेडाची थरथरण्याची आपली एक गती असते. तांबड्याची संथ, निळ्याची जलद, जांभळ्याची त्याहून जलद. सूर्याच्या पांढऱ्या उन्हात हे सगळे रंग एकत्र असतात. पावसाळ्यात इंद्रधनुष्य पडतं तेव्हा ते वेगळे झालेले दिसतात.

रेणूलाही आपली एक गती असते. नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला त्याच्या तालावर ढकललं तर तो उंच जातो. बेताल ढकललं तर नुसता हिसका बसतो, झोका चढत नाही. कुरकुमिनच्या रेणूचा ताल निळ्या उजेडाशी जुळतो. म्हणून उन्हातला निळा भाग तो स्वतःत घेतो. तांबडा आणि हिरवा भाग त्याच्या तालात बसत नाही, तो परत फिरतो आणि आपल्या डोळ्यात येतो. तांबडा आणि हिरवा उजेड एकत्र डोळ्यात आला की आपल्याला पिवळं दिसतं. हळद पिवळी दिसते ती अशी. तिने निळं खाल्लं आणि उरलेलं आपल्याला दाखवलं.

निळा उजेड घेतल्यावर रेणूचं काय होतं? तो झोक्यासारखा वर चढतो. वर फार वेळ राहता येत नाही, घेतलेली शक्ती कुठंतरी द्यावी लागते. बहुतेक वेळा ती उष्णतेत जाते आणि रेणू गुमान खाली येतो. कधी तो ती शक्ती पुन्हा उजेड म्हणून बाहेर टाकतो. हे तुम्ही बघू शकता. हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद टाका, निवळू द्या, आणि दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो तो अंधारात त्यावर धरा. पाणी हिरवट पिवळं चमकतं.

पण लाखातला एखादा रेणू वर चढलेला असताना त्याला हवेतला ऑक्सिजन भेटतो, किंवा त्याची साखळीच तुटते. तुटलेल्या तुकड्यांना निळा उजेड खाता येत नाही, म्हणून ते पिवळे दिसत नाहीत. त्या तुकड्यांत एक व्हॅनिलिन असतं, आइस्क्रीमला ज्याचा वास असतो तेच द्रव्य. एका रेणूने काही बिघडत नाही. पण रोज सात-आठ तास ऊन, असे महिनाभर, आणि पाकिटातली पूड इतकी बारीक की जिथंतिथं उजेडाला जागा. हळूहळू रंग उतरतो. पाकिटाचा उन्हाकडचा भाग आधी फिका होतो, मागचा तसाच राहतो. पाकीट परत आलं तर ते उलटून बघा. पुढून फिकं आणि मागून गडद असेल, तर ते उन्हाचं काम आहे. पीठ मिसळलेलं असतं तर सगळीकडून सारखंच फिकं दिसलं असतं.

हीच गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत आहे. हळदी समारंभात साडीला डाग पडला, साबण लावला की डाग लाल होतो. हळदीला साबणाचा किंवा चुन्याचा खार लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीवर चुना देऊनच करतात. मग आजी सांगते, "धू आणि कडक उन्हात टाक." दोन-तीन उन्हं खाल्ली की डाग जातो. त्या वेळी ऊन आपल्या कामाचं, आणि पाकिटावर पडलं तर आपल्या तोट्याचं. दोन्हीकडे एकच रेणू आणि एकच ऊन.

कुणी विचारेल, मग शिजवलेली हळद आपण दहा-पंधरा दिवस उन्हातच वाळवतो, तेव्हा रंग का जात नाही? कारण हळकुंड अखंड असतं. वरची साल उजेड अडवते, आत फारसा जाऊ देत नाही. म्हणून हळकुंड उन्हात वाळवलं तरी चालतं, पण काप केलेली हळद सावलीत किंवा पातळ कापडाखाली वाळवलेली बरी, आणि दळलेली पूड तर उन्हाला दाखवूच नये.

आपल्या जुन्या लोकांनी हे वेगळ्या वाटेने ओळखलं होतं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. तोंड अरुंद, खाली पोट मोठं, जमिनीत खोल. हळद भरून तोंड मातीने बंद करायचं. आत उजेड नाही, आणि थोड्याच दिवसांत हवेतला प्राणवायूही संपलेला. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत, कारण आत श्वास घ्यायला हवा नसे. रंग मोडायला दोन गोष्टी लागतात, उजेड आणि ऑक्सिजन. पेवात दोन्ही नव्हत्या. हळद वर्षानुवर्षं टिकायची, किडाही लागत नसे. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि मोठं नुकसान झालं.

आता बेदाण्याकडे येऊ. आपल्यातल्या कितीतरी जणी हंगामात बेदाणा शेडवर जातात, रॅकवर घड पसरतात, निवडायला बसतात. शेड म्हणजे उंच सांगाडा, जाळीच्या थरांवर थर, वर कागद आणि बाजूंनी हिरवं शेडनेट. एवढा खर्च करून सावली कशाला? जत भागात ऊन काय कमी आहे? जमिनीवर पसरले असते तर चार दिवस आधीच वाळले असते.

कारण पुन्हा रंग. द्राक्षाचा हिरवा रंग म्हणजे पानातलंच हरितद्रव्य. हाही सेंद्रिय रेणू, हा तांबडा आणि निळा उजेड घेतो आणि हिरवा परत करतो. थेट उन्हात घड तापतात, हरितद्रव्य मोडतं, आणि फळातल्याच काही द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन मणी तपकिरी, काळपट होतात. हिरव्या बेदाण्याला सौद्यात चांगला दर, काळ्याला कमी. म्हणून सावली हवी, पण वारा खेळता हवा. पाणी लवकर निघून जावं यासाठी घड आधी लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल घातलेल्या पाण्यात बुडवतात. त्याने मण्यावरचं मेणाचं पातळ आवरण सैल होतं आणि आतलं पाणी सुटतं. लवकर वाळलं की रंग बिघडायला वेळच मिळत नाही. शेवटी गंधकाची धुरी देतात, ती रंग उजळ ठेवते. इथं एक सांगून ठेवते. धुरी चालू असताना शेडमध्ये थांबू नका. तो वायू घशाला, छातीला फार वाईट. दम्याचा त्रास असलेल्या बाईने, गरोदर बाईने तर त्या दिवशी लांबच राहावं. मालक घाई करत असला तरी वारा वाहून वास गेल्यावरच आत जा.

उजेड रंग मोडतो, एवढंच सांगितलं तर तुम्ही म्हणाल उजेड वैरीच आहे. तसं नाही. उजेडाने रेणूचा आकार बदलतो आणि त्याने जीवही वाचतो. त्याची गोष्ट एका नर्सबाईंची आहे.

इंग्लंडमध्ये एसेक्स भागात रॉचफर्ड नावाचं रुग्णालय होतं. तिथं कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डाची जबाबदारी सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होती. त्यांचा विश्वास होता की बाळांना मोकळी हवा आणि कोवळं ऊन मिळालं पाहिजे, म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण एका ठिकाणी पिवळा पट्टा तसाच होता. तिथं चादरीचा कोपरा आला होता. म्हणजे जिथं ऊन लागलं तिथली कावीळ उतरली, आणि जिथं झाकलेलं होतं तिथं राहिली. डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केला, दिव्यांचा उपयोग करून पाहिला, आणि १९५८ मध्ये ते जगासमोर मांडलं. आज जगभरात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ती रीत इथून सुरू झाली. हळदीच्या पाकिटाची पुढची आणि मागची बाजू बघायला मी मघाशी सांगितलं, त्या बाईंनी तेच केलं. उघडं आणि झाकलेलं यांतला फरक नीट पाहिला.

त्याचं कारण असं. रक्तातला लाल रंग जुना झाला की मोडतो आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. मोठ्या माणसाचं यकृत ते बाहेर टाकतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं यकृत अजून तयार नसतं, म्हणून ते अंगात साठतं. बिलिरुबिनही निळा उजेड घेतं, कारण तेही पिवळं आहे. निळा उजेड घेतला की त्याचा रेणू गिरकी घेतो, त्याचा आकार बदलतो, आणि तो पाण्यात विरघळू लागतो. मग लघवी आणि शीवाटे निघून जातो.

पण हे ऐकून बाळाला दुपारच्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडचं ऊन बाळाला भाजतं, अंगातलं पाणी कमी करतं, आणि निळा उजेड किती मिळतो त्याचा हिशोब राहत नाही. दवाखान्यातला दिवा मोजून दिलेला असतो, बाळाचे डोळे झाकलेले असतात, रक्त तपासलेलं असतं. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत आला, बाळ सुस्त पडलं, दूध ओढत नसेल, तर "उन्हात धरू, उतरेल" म्हणत थांबू नका. आशाताईला सांगा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. बिलिरुबिन फार वाढलं तर ते बाळाच्या मेंदूला कायमची इजा करतं.

आता आरशांची गोष्ट. यात थोडं कान देऊन ऐका.

आतापर्यंत आपण पाहिलं ते सगळं असं होतं: उजेड पाहुण्यासारखा आला, रेणूने त्याला घेतलं, आणि विषय संपला. पाहुणा परत जात नाही, त्याचं काहीतरी दुसरंच होतं. पण समजा उजेडाला पळायला वाट ठेवली नाही तर? बांगड्यांच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असतात. मधे उभं राहिलं की आपल्या प्रतिमा एकामागे एक, संपतच नाहीत. उजेड इकडून तिकडे, तिकडून इकडे हेलपाटे घालत राहतो. शास्त्रज्ञांनी असे दोन चांदीचे आरसे घेतले आणि ते इतके जवळ आणले की मधलं अंतर एका केसाच्या जाडीच्या सुमारे तीन-चारशेव्या भागाएवढं राहिलं. एवढ्या जागेत उजेडाची अर्धी लाटच मावते, म्हणजे एका ठराविक रंगाचाच उजेड तिथं नांदू शकतो. आणि त्या जागेत त्यांनी रंगाच्या रेणूंचा पातळ थर भरला, असा रंग की त्याचा ताल त्या उजेडाशी तंतोतंत जुळावा.

पुन्हा झोक्याकडे या. एकाच फांदीला दोन सारख्या लांबीचे झोके बांधा. एकावर मुलगी झोका घेते, दुसरा रिकामा आहे. थोड्या वेळाने बघा, रिकामा झोका आपोआप हलायला लागतो आणि पहिल्याचा वेग कमी होतो. मग पुन्हा पहिला वाढतो, दुसरा थांबतो. फांदीच्या हलण्यातून शक्ती इकडून तिकडे जात राहते. दोन झोके असले तरी आता त्यांचा हिशोब एकत्र झालेला असतो. दोघं एकाच दिशेने झुलले तर एक ताल, दोघं उलट दिशांनी झुलले तर दुसरा ताल. एक ताल किंचित संथ, एक किंचित जलद. मूळचा एकटा ताल राहतच नाही.

आरशांच्या मध्ये उजेड आणि रेणू यांचं असंच होतं. रेणू उजेड घेतो, परत देतो, पुन्हा घेतो, पुन्हा देतो, आणि हे इतकं भराभर चालतं की मधे कुणाला निसटायला वेळच मिळत नाही. मग हा उजेड आणि हा रेणू, असं वेगळं सांगता येत नाही. दोघांची मिळून एक नवी जोडी तयार होते आणि तिचे दोन नवे ताल असतात. या जोडीला शास्त्रात पोलॅरिटॉन म्हणतात. एका रेणूने हे सहसा साधत नाही. लेझीम खेळताना एकटीचा आवाज लांब जात नाही, शंभर जणींनी एका ठेक्यावर धरली तर गाव जागं होतं. तसे असंख्य रेणू एकत्र उजेडाशी जोडले जातात.

इंग्लंडमधल्या शेफील्ड इथं डेव्हिड लिडझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली सेंद्रिय रेणूंवर हे करून दाखवलं. त्याआधी हा प्रकार दुसऱ्या पदार्थांत दिसला होता, पण त्यासाठी बहुधा फार थंडी करावी लागत असे. सेंद्रिय रेणू उजेड इतक्या जोराने घेतात की साध्या खोलीतल्या तापमानातही ही जोडी जमली. त्यांनी वापरलेला रंग पॉर्फिरिन नावाच्या घराण्यातला होता. पानातलं हरितद्रव्य आणि रक्तातला लाल रंग हे याच घराण्याचे भाऊबंद, आणि बिलिरुबिन तयार होतं ते रक्तातल्या याच रंगाची कडी तुटून. म्हणजे शेडमधला बेदाणा, पाळण्यातलं बाळ आणि शेफील्डचे आरसे, सगळे एकाच कुळाशी येऊन मिळतात.

मग १९९८ नंतर एक मोठा प्रश्न पुढं आला. उजेडाशी जोडी जमल्यावर रेणूचं वागणं बदलतं का? फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथं टॉमस एबेसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक असा रेणू घेतला जो अतिनील उजेडात रंग धरतो. उन्हात काळा होणारा चष्मा असतो, त्या जातीचा. आरशांच्या मध्ये ठेवल्यावर त्याचं रंग बदलण्याचं काम मंदावलं. म्हणजे औषध न घालता, तापमान न बदलता, नुसत्या दोन आरशांनी रासायनिक क्रियेची चाल बदलली. २०१४ मध्ये शेफील्डच्याच लोकांनी उजेडावर जगणाऱ्या हिरव्या जिवाणूंमधले उजेड गोळा करणारे भाग आरशांच्या मध्ये ठेवून अशी जोडी दाखवली.

आणि आता आपल्या हळदीच्या पाकिटाजवळ येणारी गोष्ट. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी चांदीच्या अतिसूक्ष्म कणांशी एका रंगाची अशी जोडी जमवली. तो रंग एरवी उजेडात आणि हवेत लवकर मोडणारा. जोडी जमल्यावर तो मोडण्याचं प्रमाण पुष्कळ पटींनी घटलं. का? मघाशी आपण म्हटलं, रेणू वर चढलेला असताना त्याला ऑक्सिजन भेटला की तो मोडतो. जोडीत असलेला रेणू आपली शक्ती इतक्या चटकन देऊन मोकळा होतो, की ऑक्सिजनला त्याला गाठायला सवड मिळत नाही. पेवात आपल्या लोकांनी ऑक्सिजन आणि उजेड दोन्ही बाहेर ठेवले. इथं दोन्ही हजर असून रंग वाचवला.

आपल्या देशातही हे काम चालतं. मोहालीच्या आयसर संस्थेत डॉ. जिनो जॉर्ज यांचा गट उजेड आणि रेणूंच्या या जोडीवर संशोधन करतो. पुण्याच्या आयसरमध्ये डॉ. जी. व्ही. पवन कुमार यांचा गट अतिसूक्ष्म पदार्थ आणि उजेड यांच्या नात्यावर काम करतो. पुणे काही आपल्याला परकं नाही. तालुक्यातली विज्ञान घेतलेली मुलगी तिथपर्यंत जाऊ शकते.

खरं ते खरं सांगायचं तर, आरशांची ही विद्या अजून प्रयोगशाळेतच आहे. काही प्रयोगांचे निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळांत तसेच उतरले नाहीत, त्यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. बाजारात कुणी "उजेड अडवणारी चांदीची जादूची पिशवी" म्हणून महाग काही विकायला आलं, तर घेऊ नका. आपल्या हळदीला आज आरसे लागत नाहीत, सावली लागते.

तेव्हा गटांसाठी काही ठरवून ठेवण्याच्या गोष्टी सांगते.

पाकीट पारदर्शक घेऊ नका. आतून चंदेरी थर असलेलं, उजेड आत न जाणारं पाकीट घ्या. थोडे पैसे जास्त पडतील, पण परत येणाऱ्या मालापेक्षा ते स्वस्तच. गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे असं दुकानदार म्हणाला, तर नमुन्याची एक छोटी काचेची बाटली वेगळी द्या आणि दर महिन्याला ती बदला.

सगळी हळद एकदम दळू नका. हळकुंडं कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा आणि मागणी येईल तशी दळा. पाकिटावर दळल्याची तारीख लिहा. पाकिटात हवा कमीत कमी राहील असं बघून तोंड बंद करा.

घरातही खिडकीतल्या फळीवर बरणी ठेवू नका. हीच गोष्ट करडई-शेंगदाण्याच्या तेलाची. उजेडात ते लवकर खवट होतं. काही औषधांच्या बाटल्या तपकिरी असतात त्याचंही कारण हेच. त्यातली औषधं साध्या बाटलीत ओतून ठेवू नका.

भेसळीची शंका आली तर ऊन हा निकष धरू नका. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, अर्धा चमचा हळद वरून टाका, ढवळू नका, थांबा. शुद्ध हळद हळूहळू तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंगाचा संशय घ्या. पुढच्या बाजारात गिऱ्हाइकासमोरच ही परीक्षा करून दाखवा. गिऱ्हाइकाचा विश्वास बोलण्यापेक्षा बघण्याने लवकर बसतो.

आणि शेवटी, पुढच्या बैठकीसाठी एक प्रयोग. पांढऱ्या कागदावर ओली हळद पातळ लावा, वाळू द्या. त्यावर मधोमध दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि कागद उन्हात ठेवा. तसाच दुसरा कागद पेटीत ठेवा. सकाळी ठेवलेला कागद संध्याकाळी आणून नाणं उचला. नाण्याखाली गोल पिवळा ठिपका आणि भोवती फिकं पडलेलं दिसेल. फरक कमी वाटला तर अजून एक दिवस ऊन द्या. तो कागद जपून ठेवा, पण पेटीत. पुढच्या वेळी कुणी "हळदीत पीठ आहे" म्हणालं, की काही न बोलता तो कागद पुढं करा आणि पाकीट उलटून दाखवा.

ज्या गटांनी हा प्रयोग केला त्यांनी आम्हाला कळवा. किती तासांत रंग गेला, कोणत्या महिन्यातलं ऊन होतं, हळद घरची होती की विकतची, हे लिहून ठेवा. सगळ्या गावांचे आकडे एकत्र केले तर पाकिटं किती दिवस टिकतात याचा आपला स्वतःचा अंदाज तयार होईल, आणि दुकानदाराशी बोलताना तो कामाला येईल.